शंभूमामांची तार

मूल कधी यायचं ते मूल ठरवतं आणि फौजेतला बाप कधी यायचा ते फौज ठरवते. या दोघांची गाठ घालून देण्याचं काम वर्षिणीकडे आलं होतं, आणि ते आपल्याला जमेल असं तिला अजिबात वाटत नव्हतं.

विक्रांत उत्तरेत होता, बर्फातल्या एका चौकीवर, मेजर. तिथून म्हैसूरला यायचं म्हणजे आधी हेलिकॉप्टरमध्ये जागा मिळेपर्यंत आभाळाकडे बघत बसायचं, मग खाली तळावर उतरायचं, तिथून विमानानं दिल्ली, दिल्लीहून बंगळूर आणि शेवटी टॅक्सी. सगळं सुरळीत झालं तर चार दिवस. आभाळ बिघडलं तर कुणी काही सांगू शकत नसे. शिवाय वर्षाची सुट्टी त्यानं तुकड्यातुकड्यांनी संपवत आणली होती. एक मोठा तुकडा फेब्रुवारीत गेला. दुसरा उगादीच्या आठवड्यात, वर्षिणीचे बाबा गंगाधरराव सकाळचा पेपर वाचता वाचता गेले तेव्हा. अग्नी वर्षिणीनं दिला, तिला भाऊ नव्हता. विक्रांत पोचला तो बाराव्याच्या दिवशी. एवढा उशीर झाल्याबद्दल त्यानं क्षमा मागितली नाही आणि तिनंही ती मागू दिली नाही. आता उरला होता शेवटचा लहानसा तुकडा, जेमतेम दोन आठवड्यांचा.

"तू 'निघ' म्हण, मी निघतो," तो फोनवर म्हणाला होता. आवाज विहिरीतून आल्यासारखा येत होता.

"आणि मी चुकले तर?"

"तर मी येऊन सासूबाईंच्या हातचं खाऊन परत जाईन. बाळाला फोटोत बघेन."

तो हसला. वर्षिणी हसली नाही. बाबाही फौजेतलेच; तिला स्वतःला त्यांनी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती रांगत होती. हा त्यांच्या घरातला जुना किस्सा. बाबा ट्रंक घेऊन दारात उभे राहिले, त्यांच्या मिशा बघून तिनं असा टाहो फोडला की शेजारचे धावून आले, आणि पुढे दोन दिवस ती त्यांच्या वाऱ्याला उभी राहिली नाही. बाबा हा किस्सा पाहुण्यांना रंगवून सांगत आणि सगळ्यांत मोठ्यानं स्वतःच हसत. मात्र हसून झाल्यावर क्षणभर गप्प होत, मग दुसराच विषय काढत. ते गप्प होणं तिच्या इतकी वर्षं लक्षात आलं नव्हतं. आता ते गेल्यावर तेच तेवढं ऐकू येत होतं.

म्हणून तिला विक्रांत हवा होता. बाळंतपणाची भीती वाटत होती म्हणून नव्हे. भीती सगळ्यांनाच वाटते आणि बाळंतपण सगळ्यांचंच होतं. या मुलाला त्याच्या बापानं पहिल्या दिवशी पाहावं, एवढंच तिला हवं होतं.

पहिलं बाळंतपण माहेरी, या रीतीनं ती सरस्वतीपुरमच्या घरी आली होती. दुखवट्याचं वर्ष म्हणून डोहाळजेवण झालं नव्हतं; आई, शकुंतलाबाई, हिनं एका शुक्रवारी कुणालाही न बोलावता शेजारच्या काकूंकडून तिची ओटी भरवून घेतली होती. तारखेच्या बाबतीत मात्र सगळं गाव बोलत होतं. आई म्हणे, आपल्या घरात मुली लवकर बाळंत होतात. बोगादीहून सासूबाईंचा, रुक्मिणीबाईंचा, रोज सकाळी फोन येई: पहिलटकरीण नेहमी उशिरा. कॉलेजात वर्षिणीबरोबर इतिहास शिकवणाऱ्या बाईंनी पोटाचा आकार बघून तिसरंच काही सांगितलं. डॉक्टरांना विचारलं तर त्या चष्मा पुसत म्हणाल्या, "डेट म्हणजे अंदाज कणम्मा. मूल काही कॅलेंडर बघून येत नाही."

अंदाज नोव्हेंबरच्या शेवटाचा होता. वर्षिणीनं ठरवलं होतं, तारखेच्या आठवडाभर आधी 'निघ' म्हणायचं. म्हणजे चार दिवस प्रवास, आणि दोन्हीकडे थोडी ऐसपैस जागा.

एका संध्याकाळी अग्रहारातून शंभूमामा आले. शंभूराव आईचे धाकटे भाऊ, फौजेच्या इंजिनियर कोरमधून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. पायरीवर चपला काढता काढता ते बोलायला लागत आणि परत चपला घालेपर्यंत थांबत नसत.

"तारीख तारीख काय करत बसलीस ग? तार कर."

"मामा, तार बंद होऊन किती वर्षं झाली."

"अग, तार म्हणजे तीच तार की!"

ती कोणती, हे वर्षिणीला सांगावं लागणार नव्हतं. म्हैसूरच्या या जुन्या मराठा घरांत पिढ्यान्पिढ्या कुणी ना कुणी फौजेत होतंच, आणि सुट्टी मिळत नसली की गावाहून पलटणीला तार जायची: आई सीरियस, ताबडतोब निघा. आई ठणठणीत असायची. बऱ्याचदा तार करायला पैसे तिनंच दिलेले असत.

"आमच्या आईला मी इतक्यांदा सीरियस केलं," मामा आनंदानं म्हणाले, "की साहेब विचारायचा, शंभू, तुझी आई अजून कशी जिवंत? मी म्हणायचो, साहेब, आपली कृपा."

"आणि यांनी एकदाही केली नाही," आई आतून कॉफी घेऊन येत म्हणाली. तिच्या बोलण्यात तक्रार होती की अभिमान, ते कळायला मार्ग नव्हता.

"भावजी साधे माणूस होते, अक्का. साध्या माणसाला सुट्टी मिळत नाही."

बाबांचं म्हणणं वेगळं होतं आणि ते वर्षिणीला पाठ होतं. खाली जाणाऱ्या गाडीत जागा मोजक्या असतात. खोट्या तारेवर आपण चढलो तर ज्याची आई खरोखर मरतेय तो खाली उभा राहतो. यापलीकडे त्यांनी यावर कधी काही सांगितलं नव्हतं.

"मामा, असलं काही करायचं नाही हं," ती म्हणाली.

"बेडा? बरं, बेडा. नको तर नको. आयतु, विषय संपला."

मामा इतक्या चटकन ऐकतात असा कुणाचाच अनुभव नव्हता. तिथंच तिला संशय यायला हवा होता. थोड्या वेळानं ते पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघरात गेले आणि एक पेलाभर पाणी प्यायला त्यांना बराच वेळ लागला. फ्रिजच्या दारावर विक्रांतनं पलटणीचा एक नंबर चिकटवून ठेवला होता, खरीच अडचण आली तर करायचा म्हणून.

त्या आठवड्यात पुढे विक्रांतचा फोन आला नाही. तिकडे आठ-आठ दिवस लाइन मिळत नसे, म्हणून तिनं मनावर घेतलं नाही.

मग एका सकाळी लवकरच मामा नंजनगूडच्या केळ्यांचा घड खांद्यावर टाकून आले आणि घड ठेवायच्या आधीच म्हणाले, "जावई निघाले!"

"कुठे निघाले?" आईनं विचारलं.

"इकडे! मी फोन केला की. पलटणीतल्या क्लार्क पोराला म्हटलं, मैं सुभेदार शंभूराव बोल रहा हूँ, मेमसाहब सीरियस है, साहब को फौरन भेजो. पोरगं घाबरलं बघ. आज दिल्लीत उतरले असतील."

वर्षिणी खुर्चीचा हात धरून उभी राहिली. तारखेला अजून दोन आठवडे होते. सुट्टीही दोन आठवड्यांची. म्हणजे बाळ यायच्या सुमारास तो बॅग भरत असेल.

"मामा, काय केलंत हे!"

"काय केलं म्हणजे? नवरा आणून दिला!"

आणि फोन वाजला. दिल्लीचा नंबर होता.

"हॅलो," ती म्हणाली.

मागे विमानतळावरची घोषणा चालू होती.

"वर्षा? तू बोलतेयस? तू स्वतः बोलतेयस?"

वाटेत कुठंही लाइन न मिळता चार दिवस हा माणूस काय काय डोळ्यांपुढे आणत आला असेल ते तिला त्या तीन शब्दांत कळलं. समोर मामा पोट धरून, तोंड वेडंवाकडं करून, असं असं कर म्हणून दाखवत होते. आई अगदी जवळ आली आणि तिच्या कानाशी म्हणाली, "स्वल्प कण्ह की ग. एकदाच. आता आलाच आहे तर येऊ दे."

एकदाच कण्हायचं. ते तर खोटंही नव्हतं. कंबर रात्रीपासून दुखतच होती. तो दिल्लीत होता. अंधार पडायच्या आत या दारात आला असता.

"मी बरी आहे, विक्रांत," वर्षिणी म्हणाली. "बाळ बरं आहे. फोन शंभूमामांनी केला होता. तो खोटा होता."

मामांनी कपाळावर हात मारला. आई खाली बसली.

"तू खरंच बरी आहेस ना?"

"खरंच. केळ्यांचा घड बघत उभी आहे."

त्यानं एक मोठा श्वास सोडला. मग त्याचा आवाज बदलला; तो नवऱ्याचा राहिला नाही. "वर्षा, हेलिकॉप्टरमध्ये एकच जागा होती. माझ्या एका जवानाच्या बहिणीचं लग्न आहे. तो बॅग घेऊन उभा होता. त्याला उतरवून मी बसलो."

"हं."

"आणि मागच्याच महिन्यात मी एका पोराला असल्याच फोनसाठी अर्ध्या वाटेतून परत बोलावलंय. मला सीओसाहेबांना सांगावं लागेल."

"सांग."

"ते परत बोलावतील. आणि इथून परत वर गेलो तर पुन्हा खाली यायला मिळेल की नाही... बर्फ सुरू झालंय."

"कळतंय मला. सांग त्यांना. आणि माझा नंबर दे. मलाही त्यांच्याशी बोलायचंय."

तिनं फोन ठेवला. मग आई म्हणाली, "अगदी बापाची लेक." या वेळी ती तक्रारच होती. मामा केळी सोलायला लागले. एकामागून एक तीन खाल्ली त्यांनी, कुणालाही न विचारता.

सीओसाहेबांचा फोन तासाभरानं आला. कर्नल, पलटणीचे प्रमुख, मूळचे कोडगूचे, कुर्गी. सगळं आयुष्य मराठी जवानांबरोबर गेल्यामुळे मराठी बोलत, आणि म्हैसूरचं घर म्हटल्यावर मधूनच कन्नडवर घसरत.

"मॅडम, तुमचे मामा कुठल्या पलटणीत होते?"

"इंजिनियर्समध्ये, साहेब."

"वाटलंच मला. माझ्या क्लार्कला त्यांनी असं झापलं की पोरगं अजून सावधानमध्ये उभं आहे." मग ते गंभीर झाले. "विक्रांतनं मला सगळं सांगितलंय. मग तुम्हाला काय सांगायचंय?"

वर्षिणीनं आधी वाक्यं जुळवून ठेवली होती. ती सगळी विसरली.

"सांगायचं काही नाही, साहेब, मागायचं आहे. खोट्या फोनवर मिळालेली सुट्टी आम्हाला नको. पण त्याची स्वतःची थोडी सुट्टी उरलेली आहे. ती आजपासून धरा. परत वर नेऊन पुन्हा खाली आणण्यात सगळेच दिवस वाटेत जातील. ही सुट्टी संपेपर्यंत बाळ आलं तर आलं. नाही आलं तर तो ठरल्या दिवशी हजर होईल, आणि मी आणखी एक दिवसही मागणार नाही."

"डॉक्टरांची तारीख कधीची?"

तिनं सांगितली.

"म्हणजे सुट्टी संपता संपता. नीट विचार केलाय ना? आज सुट्टी सुरू केली की ती सुरू झाली. मग मी काही करू शकणार नाही. आणि तुम्ही दहा दिवस थांबलात, आभाळ मोकळं राहिलं, तर तो बरोबर वेळेवरसुद्धा येऊ शकेल."

आभाळ मोकळं राहिलं तर. वर्षिणीनं खिडकीबाहेर पाहिलं. सरस्वतीपुरमचं आभाळ मोकळंच होतं, त्याचा काही उपयोग नव्हता. किती महिने ती 'निघ' या एका शब्दासाठी योग्य दिवस शोधत होती, आणि योग्य दिवस असा कुठं नव्हताच. माणूस वाटेत होता, हे एकच खरं होतं.

"विचार केलाय, साहेब. त्याला निघू दे."

पलीकडे कर्नल कागद उलटत असल्याचा आवाज आला.

"सरी, ठीक आहे. सुट्टी आजपासून," ते म्हणाले. "त्या लग्नवाल्या पोराची काळजी करू नका, तो दुसऱ्या दिवशीच्या फेरीत बसला. आणि मामांना सांगा, मी म्हैसूरला आलो की त्यांच्याकडे मटण जेवायला येणार आहे. जेवून झालं की फैलावर घेणार आहे."

निरोप ऐकून मामा ताठ उभे राहिले. "मटण कसलं? बोकडाचं ना?" एवढंच त्यांनी विचारलं.

दिवेलागणीला विक्रांत आला. दाढी वाढलेली, ओठ उन्हा-बर्फानं फुटलेले, नाकावरची कातडी सोलवटलेली. दारात उभा राहून त्यानं आधी तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या पोटाकडे, आणि पोटालाच सॅल्यूट ठोकला. आई पदर तोंडाला लावून आत गेली. मामा दाराआड उभे होते. विक्रांतनं त्यांना वाकून नमस्कार केला आणि वाकल्या वाकल्या म्हणाला, "मामा, पुन्हा असं केलंत तर मी तुम्हालाच वर पाठवीन." वर म्हणजे नेमकं कुठं, हे मामांनी विचारलं नाही.

दुसरा दिवस झोपेत गेला. पलंग अपुरा पडत होता. तो तिरका होऊन झोपला आणि वर्षिणी खुर्चीत बसून त्याच्याकडे बघत राहिली. तिनं मनाशी सगळी तयारी केली होती. तो जाईल, बाळ मग येईल, आपण रडायचं नाही. शब्द आपला, निर्णय आपला.

तिसऱ्या दिवशी सकाळी विक्रांत स्वतःच्या आईला भेटायला मामांची स्कूटर घेऊन बोगादीला गेला. वर्षिणी ओट्याशी कॉफीचं फिल्टर भरत होती. तेव्हा कमरेतून एक कळ आली, आणि ती नेहमीची नव्हती. तिनं फिल्टरचं झाकण लावलं. दुसरी कळ आली तेव्हा झाकण तिच्या हातातून सुटून घरभर घरंगळत गेलं.

"अम्मा," ती म्हणाली, "डॉक्टर खरं बोलल्या होत्या. मूल कॅलेंडर बघत नाही."

आईनं एकदा तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि गॅस बंद केला. "मी म्हटलंच होतं," ती म्हणाली. "आपल्या घरात मुली लवकर बाळंत होतात." त्या घाईतही हे ऐकवायला ती विसरली नाही.

मामा रिक्षा आणायला धावले. आई विक्रांतला फोन लावत होती. हिमालयातून चार दिवसांत आलेला माणूस त्या वेळी बोगादी रस्त्यावर शंभूमामांच्या स्कूटरला लाथा मारत उभा होता. ती सुरू होत नव्हती. "अत्ते, मी येतोय!" तो फोनवर सासूबाईंना ओरडून सांगत होता. "स्कूटर टाकून येतोय!" मग नुसताच धापा टाकल्याचा आवाज येत राहिला. तो पळत होता. पुढच्या वळणावर त्याला रिक्षा मिळाली.

नर्सिंग होममध्ये वर्षिणीला आत घेतलं तेव्हा तो अजून आला नव्हता. डॉक्टरांनी विचारलं, "मिस्टर?"

"वाटेत आहेत," वर्षिणी म्हणाली. आठ महिने ती हेच उत्तर देत होती. आज ते देताना तिला कळांमध्येही हसू आलं.

तो आला. दार ढकलून, घामानं निथळत, एका पायातली चप्पल कुठंतरी टाकून. सिस्टरनं त्याला बाहेर काढलं, हिरवा अंगरखा चढवला, परत आत आणलं. मग तो तिच्या डोक्याशी उभा राहिला आणि दुपार कलेपर्यंत तिथून हलला नाही. ती त्याला काय काय बोलली ते पुढे तिला आठवलं नाही. त्याला सगळं आठवत होतं, पण त्यानं कधी सांगितलं नाही. तिनं त्याचा हात इतका दाबला की शेवटी त्यानं हात बदलायची परवानगी मागितली. डॉक्टर हसल्या. "काय मेजरसाहेब, एवढ्यातच रिलीफ पाहिजे?"

आणि चार वाजण्याच्या सुमाराला, बाहेर शाळा सुटल्याचा गलका चालू असताना, मुलगी झाली. लाल, चिकट, संतापलेली, सगळ्यांना शिव्या दिल्यासारखी रडत. सगळी बोटं जागच्या जागी. बाहेर मामांना कळलं तेव्हा त्यांनी मराठीत, कन्नडात आणि फौजी हिंदीत एकापाठोपाठ अशी घोषणा केली की वरच्या मजल्यावरचे लोक जिन्यात आले. आईनं त्यांना गप्प केलं नाही. ती स्वतःच जिन्यात आलेल्या प्रत्येकाला सांगत होती, "जावई आत आहेत. हो, आतच. मिलिटरीत आहेत. आलेत."

या क्षणी बाबांची आठवण येईल, असं वर्षिणीला महिनाभर वाटत होतं. तिनं त्याचीही तयारी केली होती. आठवण आली नाही. हे तिच्या लक्षात आलं ते संध्याकाळी, आणि त्याचं वाईटही वाटलं नाही. त्या क्षणी तिथं जागाच नव्हती. ती जागा पूर्ण भरलेली होती.

सिस्टरनं मुलीला पुसून, गुंडाळून घेतलं. विक्रांतनं हात पुढे केले.

"सार, मोदलु कै तोळ्कोळ्ळी!" ती खेकसली. आधी हात धुवा.

त्यानं कोपऱ्यातल्या नळाखाली कोपरापर्यंत हात घासून धुतले आणि वर धरून उभा राहिला. पुसायला काही नव्हतं. त्यानं अंगरख्याला पुसले. तिनं परत धुवायला लावले. शंभर माणसांना हुकूम देणारा माणूस ओले हात हवेत धरून, पाणी ठिबकत, एका पायात चप्पल घालून उभा राहिला, आणि वर्षिणी हसायला लागली. टाके दुखत होते तरी हसू थांबेना. उगादीनंतर ती अशी हसली नव्हती.

हात वाळले. सिस्टरनं मुलगी त्याच्याकडे दिली. त्याचे खांदे कानापर्यंत चढले.

"वर्षा, डोकं कसं धरू?"

वर्षिणीनं आजवर एवढंसं मूल कधी हातात घेतलं नव्हतं.

"कोपर खाली घे," ती ठामपणे म्हणाली. "हं. अजून थोडं. आता धर."